चौदा मायनर, मागाची रिकामी शेड आणि घरचं इंटरनेट

पत्र: इचलकरंजीत घरामागे आमची यंत्रमागाची शेड आहे. माग विकल्यामुळे ती रिकामीच आहे. एका बंद झालेल्या मायनिंग फार्मकडून १४ वापरलेली अँटमायनर एस१९जे प्रो ही बिटकॉइन मायनिंगची मशीनं (मायनर) घेतली आहेत. घर ते शेड अंतर साधारण ४० मीटर. घरात १०० एमबीपीएसचं फायबर इंटरनेट आहे. शेडमध्ये वायफाय रिपीटर लावला, त्याला पाच पोर्टचे तीन छोटे स्विच एकापुढे एक जोडले आणि आधी पाच मशीनं चालू केली. तेव्हापासून घरातलं वायफाय मध्येच अडकतं. मुलीचा ऑनलाइन क्लास बंद पडतो, आणि सकाळी पाहावं तर दोन-तीन मशीनं ब्राउझरमध्ये दिसतच नाहीत. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊ का? नेटवाला म्हणतो की स्थिर आयपी (कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या. सगळी १४ मशीनं नीट चालतील अशी जोडणी सांगा.

उत्तर: आधी तुमचे पैसे वाचवू. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊ नका आणि स्थिर आयपीसाठीही दरमहा जादा पैसे भरू नका. तुमचा त्रास या दोन्हींमुळे होत नाही.

मायनिंगची सगळी आकडेमोड मशीनच्या आतल्या चिपांवर होते. पूल (अनेकांचं मायनिंग एकत्र करून कमाई वाटणारी सेवा) साधारण अर्ध्या मिनिटाला एक काम पाठवतो, ते दीड-दोन किलोबाइटचं असतं. मशीन काही सेकंदांनी एक शेअर, म्हणजे केलेल्या कामाचा पुरावा, परत पाठवतं, तो काहीशे बाइटचा. दिवसभराची बेरीज एका मशीनमागे १० ते २० एमबी होते, म्हणजे १४ मशीनांची फार तर ३०० एमबी. हे ओझं १०० एमबीपीएसच्या लाइनला जाणवतसुद्धा नाही. वेग वाढवून शेअर लवकर पोचतील, असंही नाही. बिटकॉइनचा ब्लॉक (व्यवहारांचा नवा गठ्ठा) सरासरी ६०० सेकंदांनी येतो. पूलपर्यंतच्या प्रवासात २०० मिलिसेकंद उशीर झाला तर शिळे (उशिरा पोचल्याने बाद झालेले) शेअर जेमतेम ०.०३ टक्क्याने वाढतात. उलट दिवसातून एक तास लाइन तुटली तर ४ टक्क्यांहून जास्त कमाई जाते. म्हणून तुमचा खर्च आणि कष्ट वेगासाठी नकोत, लाइन तुटू नये यासाठी हवेत.

स्थिर आयपीचंही तसंच. बाहेरून कोणीतरी तुमच्या मशीनला शोधत यायचं असेल तरच तो लागतो. मायनर स्वतः पूलकडे बाहेर जोडणी करतो, त्यामुळे आपल्याकडचे नेटवाले एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतात तरी मायनिंगचं काही अडत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी विजेबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एक एस१९जे प्रो १०० टेराहॅशला (एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला आकडेमोडीचे एक लाख कोटी प्रयत्न) सुमारे ३,०५० वॅट घेतं. २४ तासांत ७३ युनिट, १४ मशीनांचे दिवसाला हजाराच्या वर. आता कमाई पाहा. एप्रिल २०२४ च्या हाल्व्हिंगनंतर (ब्लॉकमागचं बक्षीस निम्मं झाल्यावर) एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक, म्हणजे साऱ्या जगात मिळून ४५० बिटकॉइन. जागतिक हॅशरेट, म्हणजे सगळ्या मशीनांचा मिळून वेग, १ झेटाहॅश (१०० कोटी टेराहॅश) धरला तर तुमचं एक मशीन त्याचा एक कोटीवा भाग. त्याच्या वाट्याला दिवसाला ०.००००४५ बिटकॉइन येतं. बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरला तर हे ३६० रुपये होतात, आणि विजेचा दर युनिटला ४ रुपये ९० पैशांच्या वर गेला की मशीन तोट्यात. व्यवहारशुल्काची थोडी भर आणि पूलची कपात यात धरलेली नाही. आजचा भाव, आजचा हॅशरेट आणि तुमच्या बिलावरचा सगळे आकार धरून पडणारा दर घालून हा हिशोब आज रात्रीच करा.

त्यातच एक धोका आहे. शेडचं कनेक्शन अजून यंत्रमागाच्या सवलतीच्या दराचं असेल तर त्यावर मायनर चालवू नका. मंजूर कारणाखेरीज वेगळ्या कामाला वीज वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. १४ मशीनांचा भार जवळपास ४३ किलोवॅट आहे. महावितरणकडे मंजूर भार आणि वर्गवारी बदलून घ्या, मगच बाकीची नऊ मशीनं लावा. करही लक्षात असू द्या. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि मायनिंगच्या यंत्रणेवर केलेला खर्च खरेदी किंमत म्हणून वजा करता येत नाही, हे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं आहे. हे सगळं धरूनही पुढे जायचं ठरत असेल तर नेटवर्ककडे वळू.

घरचं वायफाय का अडकतं

तुमच्या वर्णनावरून चार संशयित दिसतात, आणि बहुधा एकाहून जास्त दोषी असतील.

पहिला संशय जुन्या मालकाच्या आयपींवर. फार्ममध्ये मशीनना हाताने ठरावीक आयपी देण्याची पद्धत असते. त्यातल्या एखाद्याचा आयपी १९२.१६८.१.१ असेल आणि तुमच्या घरच्या राउटरचाही तोच असेल, तर घरातला मोबाइल माहितीचं पाकीट कधी राउटरला पाठवतो, कधी मायनरला. नेट मध्येच जातं आणि आपोआप परत येतं. तपासणी सोपी आहे. नेट अडकलं असताना लॅपटॉपवर एआरपी तक्ता (कोणत्या आयपीमागे कोणतं उपकरण आहे याची यादी) उघडा आणि राउटरच्या आयपीसमोरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीशी जुळवा. शेवटचा एखादा अंक वेगळा असला तर चालतं. पूर्ण पत्ताच वेगळा असेल तर चोर सापडला.

दुसरा संशय स्विचच्या वळशाचा. तीन छोटे स्विच, सारख्या रंगाच्या तारा आणि अंधारी शेड, अशा वेळी एका तारेची दोन्ही टोकं त्याच साखळीत जायला वेळ लागत नाही. साध्या स्विचला असा वळसा ओळखता येत नाही. ब्रॉडकास्टची, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेली, पाकिटं त्यात गोल गोल फिरत वाढत जातात आणि सगळं नेटवर्क गुदमरतं, तुमचं घरही, कारण ते त्याच जाळ्यात आहे. सगळ्या पोर्टचे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत असतील तर एकेक तार काढत जा. ज्या तारेला सगळं शांत होईल ती वळशाची.

तिसरा वायफाय रिपीटर. तो एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुन्हा बोलतो, त्यामुळे घरच्या वायफायचा वेळ खातो. त्याहून वाईट म्हणजे बरेच रिपीटर आपल्यामागच्या सगळ्या मशीनांसाठी राउटरला स्वतःचाच मॅक पत्ता दाखवतात. मग मॅकवरून आयपी राखून ठेवण्याची सोय निरुपयोगी ठरते. रिपीटर काढा. त्याच्यावर डोकं लावत बसण्यात अर्थ नाही.

चौथा संशय मशीनमध्ये आलेल्या किडीचा (घातक सॉफ्टवेअरचा), त्याबद्दल पुढे.

सकाळी मशीनं 'गायब' होण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. मशीन चालू असतं, फक्त डीएचसीपीची (राउटर आपोआप आयपी देतो त्या सोयीची) मुदत संपून त्याचा आयपी बदललेला असतो आणि तुम्ही ब्राउझरमध्ये कालचा पत्ता उघडत असता. पूलच्या पानावर ते मशीन हॅश करताना दिसतंय का, ते आधी पाहा.

जोडणी कशी असावी

घराचं आणि शेडचं जाळं वेगळं हवं. घरातल्या फायबर डब्याशेजारी (नेटवाल्याने दिलेला घरचा राउटर तो हाच) दोन वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या दोन लाइन, घेणारा एक छोटा तारेचा राउटर ठेवा. टीपी-लिंकचा ईआर६०५ या कामाला पुरतो. मायक्रोटिकचा हेक्स जास्त ताकदीचा आहे, पण त्याची मांडणी समजणारा माणूस जवळ नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. नेटवाल्याच्या डब्यातून एक तार या राउटरच्या वॅन पोर्टला, आणि राउटरच्या लॅन (आतल्या जाळ्याच्या) पोर्टमधून शेडकडे. घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप आहेत तिथेच, जुन्या डब्यावर राहू द्या.

शेडला पूर्ण वेगळी पत्त्यांची रांग द्या, उदाहरणार्थ १०.१०.२०.१ ते २५४. राउटर १०.१०.२०.१, मशीन क्रमांक १ ला १०.१०.२०.१०१, क्रमांक २ ला १०२, असं १४ व्याला ११४. डीएचसीपीचा खुला साठा २०० ते २३९ ठेवा. नवं मशीन लावलं की ते आधी २०० च्या पुढे दिसेल, मग त्याचा मॅक पाहून त्याला त्याचा क्रमांक राखून द्यायचा. आयपी मशीनमध्ये हाताने भरू नका, राउटरवरच राखून ठेवा. उद्या एखाद्याचा कंट्रोल बोर्ड बदलला तर मॅक बदलतो, आणि तेव्हा दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते.

राउटरमागे राउटर लावल्याने मायनिंगला काही होत नाही. पण एक भोक राहतं आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घरातून शेडमध्ये शिरता येत नाही, शेडमधून मात्र घरच्या जाळ्यात शिरता येतं, कारण घर हे शेडच्या राउटरच्या 'बाहेरच्या' बाजूला आहे. म्हणून त्या राउटरवर एक नियम घाला: शेडच्या पत्त्यांकडून १९२.१६८.१.० ते २५५ या घरच्या पत्त्यांकडे जाणारं सगळं अडवा. याने इंटरनेट बंद पडत नाही. पूलकडे जाणाऱ्या पाकिटावर पूलचा पत्ता असतो, घरचा डबा ते फक्त पुढे ढकलतो. डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) मात्र १.१.१.१ आणि ८.८.८.८ असा थेट द्या, घरच्या डब्याचा देऊ नका.

घर ते शेड: तांबं नको, फायबर टाका

४० मीटर म्हणजे इथरनेटच्या १०० मीटरच्या मर्यादेच्या आत, त्यामुळे कॅट ६ ची तार टाकली तरी चालेल असं कोणीही सांगेल. ती चालेलही, पहिल्या वळवाच्या पावसापर्यंत. जवळपास वीज पडली की उघड्यावरच्या तांब्याच्या तारेत दाब चढतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जळतात. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर त्यांच्यातला फरक याच तारेतून वाहू पाहतो. ४३ किलोवॅटचा भार असलेल्या शेडमध्ये हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. काचेच्या फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे दोन्ही प्रश्न एकदम मिटतात.

सामान थोडं आहे. ६० मीटर सिंगल मोड ड्रॉप केबल, एका तंतूची. एकाच तंतूवर दोन्ही दिशांना चालणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरची (तारेतला संकेत प्रकाशात आणि उलट बदलणाऱ्या डब्यांची) एक जोडी. एक डबा १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि दुसरा १५५० वर, म्हणून 'ए' आणि 'बी' अशी जोडीच घ्यावी लागते. दोन 'ए' आणले तर लिंक लागणार नाही. तार जमिनीतून न्यायला एचडीपीई पाइप. कनेक्टरच्या रंगाकडे लक्ष द्या. नेटवाल्याकडची टोकं बहुधा हिरवी असतात, ती तिरकस घासलेली. मीडिया कन्व्हर्टरला सरळ घासलेलं निळं टोक लागतं. हिरवं निळ्यात बसतं, दिवाही लागेल, पण प्रकाश गळतो आणि लिंक अधूनमधून तुटते. असा दोष शोधायला महिना जातो. टोकं गावातल्या केबलवाल्याकडून निळी जोडून घ्या.

ड्रॉप केबलमध्ये आधाराला पोलादी तार असेल तर दोन्ही टोकांना ती इमारतीबाहेरच कापा, नाहीतर ज्यासाठी फायबर टाकलं तेच वाया गेलं. वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नको.

स्विच आणि तारा

तीन छोटे स्विच काढा आणि २४ पोर्टचा एकच लावा, धातूच्या पेटीचा, पंखा नसलेला. मायनरचं पोर्ट १०० एमबीपीएसला आरामात चालतं, त्यामुळे महागडा स्विच नको. १४ मशीनं, एक वरची जोडणी, एक देखरेखीचा छोटा संगणक आणि बाकी राखीव. एखादं पोर्ट मेलं तर शेजारच्यात तार लावता येते. २४ पोर्ट घेण्याचं खरं कारण हेच.

स्विच थंड हवा आत येते त्या बाजूला बसवा. स्वस्त स्विचची मर्यादा ४० अंश असते आणि मशीनच्या मागून येणारी हवा त्याच्या कितीतरी वर. तुमच्या शेडमध्ये आणखी एक शत्रू आहे: कापसाची लव. तुळया, पत्रे, भिंतीचे कोपरे इथे ती वर्षानुवर्षं साचलेली असते. १४ मशीनांचे पंखे फिरू लागले की ती सगळी खाली ओढली जाईल आणि हीटसिंकमध्ये, पोर्टमध्ये जाऊन बसेल. तापलेल्या यंत्रणेजवळ ती आगीलाही निमंत्रण देते. मशीनं लावण्याआधी शेड वरून खाली ब्लोअरने आणि मग व्हॅक्यूमने साफ करा. रिकाम्या पोर्टांत रबरी बुचं घाला.

तार कॅट ५ई पुरे, पण अस्सल तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची तार सर्रास मिळते. तिची टोकं क्रिम्प करताना तुटतात आणि उष्णतेत सैल पडतात. ब्लेडने तार खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर परत करा. त्याहून पक्की परीक्षा मल्टिमीटरची. ३०५ मीटरच्या पेटीतल्या एका तंतूचा रोध तांबं असेल तर २६ ते २९ ओहम येतो. मुलाम्याची तार ४० च्या आसपास दाखवते.

शक्य असेल तर तयार पॅच कॉर्डच घ्या. स्वतः क्रिम्प करणार असाल तर दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी ३ आणि ६ वर फुटलेली का, असा प्रश्न पडून बरेच वायरमन रंग सरळ ओळीने लावतात. साधा टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो आणि तार पास होते, पण पाठवायचे-घ्यायचे संकेत चुकीच्या पिळात गेल्यामुळे एकमेकांत मिसळतात. मग मशीन कधी १० एमबीपीएसवर उतरतं, कधी दिवसातून दहा वेळा लिंक सोडतं. तुमच्या सध्याच्या तारा याच कसोटीवर तपासा. विजेच्या तारांपासून डेटाच्या तारा ३० सेंटिमीटर लांब ठेवा. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

जुनी मशीनं जाळ्यात घेण्याआधी

वापरलेलं मशीन थेट नेटवर्कला लावू नका. जानेवारी २०१९ मध्ये चीनमध्ये हँट नावाच्या किडीची बातमी आली होती. ती अँटमायनरमध्ये शिरायची, १० बिटकॉइन मागायची आणि नाही दिले तर पंखे बंद करून मशीन जाळायची धमकी द्यायची. अशी कीड एका मशीनमधून शेजारच्यात पसरू पाहते, आणि शेजारी शोधण्याच्या तिच्या धडपडीनेही घरचं नेट मंदावतं. याहून जास्त आढळणारा प्रकार गुपचूप चोरीचा: बदललेलं फर्मवेअर (मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) तुमचा काही हॅशरेट भलत्याच पूलकडे वळवतं. कंपनीचं फर्मवेअर आहे म्हणूनही डोळे मिटून बसू नका. एप्रिल २०१७ मध्ये अँटमायनर बनवणाऱ्या बिटमेनच्याच फर्मवेअरमध्ये अँटब्लीड म्हणून गाजलेला कोड सापडला होता. मशीन ठरावीक काळाने कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं आणि तिकडून तसं उत्तर आलं तर मायनिंग थांबू शकायचं.

म्हणून घरात पडून असलेला एखादा जुना राउटर घ्या, त्याला इंटरनेट जोडू नका, आणि एका वेळी एकच मशीन त्यावर लावा. मशीन सुरू झाल्यावर दोन मिनिटांनंतर आणि दहा मिनिटांच्या आत रिसेटचं बटण पाच सेकंद दाबून सोडा. चारेक मिनिटांत ते कारखान्यातल्या स्थितीला येतं आणि हाताने भरलेला आयपीही जातो. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेलं फर्मवेअर नव्याने चढवा. बटणाने काम होत नसेल तर एसडी कार्डाने करा. रूट-रूट हा मूळचा पासवर्ड बदला. एका वहीत मशीनचा क्रमांक, सिरियल, मॅक, स्विचचं पोर्ट आणि विजेचा फेज लिहा, आणि तोच क्रमांक तारेच्या दोन्ही टोकांना चिकटवा. दोन मशीनांचा मॅक एकच निघाला तर दचकू नका. एकाच कार्डावरून नकललेल्या फर्मवेअरमुळे कधी कधी असं होतं. ती दोन्ही एकाच जाळ्यात कधीच नीट चालणार नाहीत, फर्मवेअर पुन्हा चढवावंच लागतं.

मशीनं जाळ्यात आल्यावर राउटरवर त्यांच्या पत्त्यांसाठी बाहेर जाण्याचे नियमही आवळा: पूलचं पोर्ट, डीएनएसचं ५३ आणि घड्याळाचं १२३, बाकी सगळं बंद आणि नोंद चालू. पहिल्या आठवड्यात ती नोंद रोज वाचा. एखादं मशीन सतत अनोळखी पत्त्यावर धडका देत असेल तर ते साफ झालेलं नाही.

बाहेरून मशीनं पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करू नका. वेबचं ८०, एसएसएचचं २२ आणि मायनरच्या एपीआयचं ४०२८ ही दारं इंटरनेटवर उघडी टाकली की काही तासांत कोणीतरी ठोठावतं. शेडमध्ये देखरेखीला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय') ठेवा, त्यावर टेलस्केल (सुरक्षित खासगी जोडणी देणारं सॉफ्टवेअर) टाका आणि शेडची रांग त्यातून जाहीर करा. तेही आतून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे स्थिर आयपीशिवाय चालतं. मोबाइलवरून सगळी मशीनं त्यांच्या १०१ ते ११४ क्रमांकांवर दिसतात, घरातूनही आणि गावाबाहेरूनही.

लाइन आणि वीज गेली तर

राउटरच्या दुसऱ्या वॅनला ४जी राउटर जोडा. दिवसाला ३०० एमबी, म्हणजे रोज दीड जीबीचं साधं सिम पुरतं. एक सेटिंग मात्र विसरू नका. फायबर रस्त्यात तुटलं तरी घरचा डबा आणि राउटर यांच्यातली तार जिवंतच असते, त्यामुळे राउटरला वाटतं की सगळं ठीक आहे. लाइन जिवंत आहे का हे त्याने ८.८.८.८ ला पिंग करून (हाक मारून उत्तर येतं का ते पाहून) ठरवावं असं लावा. नंतर घरच्या डब्यातून फायबरचं टोक स्वतः काढून पाहा. दोन-तीन मिनिटांत मशीनं पूलला परत लागली नाहीत तर सेटिंग चुकलंय.

दोन छोटे यूपीएस घ्या, ६०० व्हीएचे. एकावर घरचा डबा, राउटर आणि कन्व्हर्टर, दुसऱ्यावर शेडचा कन्व्हर्टर, स्विच आणि पाय. प्रत्येकी २५-३० वॅटच भार आहे, नवी बॅटरी तासभर आरामात ओढते. मायनर यूपीएसवर नकोत, मग हा खर्च कशाला? वीज परत येताना मशीन फायबरच्या डब्याआधी जागं होऊ शकतं. त्याला आयपी मिळत नाही, पूल मिळत नाही, ते हॅशिंग थांबवतं, गार होतं, पुन्हा तापतं. वापरलेल्या हॅशबोर्डच्या (मायनिंगच्या चिपा बसवलेल्या पाटीच्या) सोल्डरला हे वारंवार सोसत नाही. नेटवर्क आधीच जागं असेल तर ही वेळ येत नाही. तसंच १४ मशीनं एकदम सुरू होऊ देऊ नका. वायरमनला सांगून फेजनिहाय ५, ५ आणि ४ असे गट करा आणि टायमरवर एकेका मिनिटाच्या अंतराने चालू होतील असं लावून घ्या.

पूल

प्रत्येक मशीनमध्ये पूलच्या तीन ओळी असतात. तिन्हींत एकाच पूलचे पत्ते भरण्याची चूक करू नका. पहिल्या ओळीत मुख्य पूलचा आशियातला सर्व्हर, दुसऱ्या ओळीत त्याचाच दुसरा पत्ता किंवा दुसरं पोर्ट, तिसऱ्या ओळीत वेगळ्याच कंपनीचा पूल. ३३३३ पोर्टवर जोडणी अडत असेल आणि तुमचा पूल ४४३ देत असेल तर ते वापरा. वर्करचं, म्हणजे पूलवर दिसणारं प्रत्येक मशीनचं, नाव खात्याच्या नावापुढे टिंब देऊन एम०१, एम०२ असं ठेवा आणि ते आयपीच्या शेवटच्या अंकाशी जुळू द्या. पूलवर एम०७ लाल दिसलं की १०७ उघडायचं, इतकं सोपं असलं पाहिजे.

बहुतेक पूल अजून स्ट्रॅटमच्या (मायनर आणि पूल ज्या भाषेत बोलतात तिच्या) पहिल्या आवृत्तीवर चालतात, जिच्यात काहीही गुप्त नसतं. २०१४ मध्ये एकाने इंटरनेटचे मार्ग वळवून पूलकडे जाणाऱ्या मायनरना स्वतःच्या सर्व्हरवर नेलं आणि सुमारे ८३,००० डॉलरची कमाई लुबाडली होती, हे डेल सिक्युअरवर्क्सने उघड केलं. तुमचा पूल दुसरी आवृत्ती देत असेल आणि तुमचं फर्मवेअर ती बोलत असेल तर तीच घ्या. १४ मशीनांसाठी मधला प्रॉक्सी (सगळ्या मशीनांच्या जोडण्या एकत्र करून पूलकडे नेणारा सर्व्हर) मात्र लावू नका. त्याने डेटा वाचतो, पण तो आधीच नगण्य आहे, आणि प्रॉक्सी बंद पडला की चौदाही मशीनं एकदम थांबतात.

नंतर काय पाहायचं

नाकारलेल्या शेअरांचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली असलं पाहिजे. एकाच मशीनचं वाढलं तर आधी त्याची तार शेजारच्या मशीनला लावून पाहा. दोष तारेबरोबर गेला तर तार बदला, मशीनबरोबर राहिला तर हॅशबोर्ड तपासा. सगळ्यांचं एकदम वाढलं तर लाइन किंवा पूल. सगळी मशीनं पूलवरून गेली पण पायवरून दिसतात, तर घरच्या बाजूला बघा.

सुरुवात पाच मशीनांनीच करा. पायवरून १०.१०.२०.१ ला २४ तास पिंग चालू ठेवा. एकही पाकीट हरवता कामा नये. हरवत असतील तर आधी दोन्ही मीडिया कन्व्हर्टरची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने लिंट नसलेल्या कापडावर पुसून पुन्हा बसवा, तुमच्या शेडमध्ये लव तिथेही पोचणारच. पिंग स्वच्छ आला की रोज तीन मशीनं वाढवत चला.